कॅबोशॉनसाठी यंत्र निवडताना: चाकं, पाणी आणि मोटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातले अकीक आणि जास्पर जमा झाले आहेत, मूनस्टोन आणि लॅब्रडोराइटचे काही तुकडे जयपूरहून आणलेले आहेत. महिन्याला १५-२० कॅब (कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखे गोल घासलेले खडे) चांदीच्या कोंदणासाठी हवेत आणि जागा म्हणजे फ्लॅटची बाल्कनी. समोर तीन पर्याय आहेत: अमेरिकेतून मागवायचं सहा चाकांचं यंत्र, आडव्या चकतीचं फ्लॅट लॅप, किंवा आपल्याकडेच बनवून घेतलेलं दोन-चार चाकांचं यंत्र. यातलं कोणतं घ्यावं?

या कामासाठी ६ इंची म्हणजे साधारण १५० मिमी व्यासाच्या चाकांचं, आडव्या शाफ्टचं यंत्र घ्या. सांगाडा, शाफ्ट आणि मोटर इथलीच चालेल. पैसा चाकांत घाला. सहा चाकं एकदम परवडत नसतील तर सहा बसतील एवढा लांब शाफ्ट करून घ्या आणि चारांवर सुरुवात करा. कापायची करवत वेगळी ठेवा.

यंत्र बघायला गेल्यावर माणूस मोटर, रंग, झाकण, ब्रँड यांत अडकतो. पण कॅबचं काम म्हणजे आधीच्या ग्रिटचे (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितके कण बारीक) चरे पुढच्या ग्रिटने पुसत जाणं, आणि ते पुसताना घुमटाची गोलाई न मोडणं. हे दोन्ही चाकं करतात. चाकं थरथर न करता फिरवणं आणि दगड गार ठेवणं एवढंच बाकीच्या यंत्राकडून हवं असतं. चांगल्या बेअरिंगचा शाफ्ट वर्षानुवर्षं चालतो, चाकं मात्र झिजतात आणि पुन्हा घ्यावी लागतात. म्हणून विक्रेत्याला यंत्राच्या किमतीबरोबरच चाकांच्या पूर्ण संचाची किंमत विचारा. तो आकडा ऐकल्यावर बरेच निर्णय बदलतात.

आधी फ्लॅट लॅपबद्दल, कारण ते स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून पहिल्यांदा तेच घ्यावंसं वाटतं. आडवी फिरणारी ६ किंवा ८ इंची चकती, तिच्यावर हिऱ्याच्या पुडीची डिस्क, वरून पाण्याचा थेंब. दगडाची पाठ सपाट करायला, स्लॅब (दगडाचा कापलेला सपाट तुकडा) आरशासारखा घासायला, अर्धी कापलेली अकीकाची गाठ पॉलिश करायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. पैलू पाडायची यंत्रंही याच तत्त्वावर चालतात. कॅबसाठी मात्र त्याच्या तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण वेगाची. चकतीच्या मध्यभागी वेग शून्य असतो आणि कडेला सगळ्यात जास्त. ८ इंची चकती १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे) फिरत असेल तर कडेला पृष्ठवेग सेकंदाला साधारण १० मीटर भरतो, तर मध्यापासून ३ सेंटीमीटरवर जेमतेम ३ मीटर. दगड थोडा आतबाहेर सरकला की कापण्याचा जोर बदलतो. दुसरी अडचण जास्त त्रासाची: कडक सपाट पृष्ठभागावर गोल घुमट घासला की प्रत्येक स्पर्शाला एक छोटा सपाट डाग पडतो. डिस्कखाली फोमची गादी घातली तर हे कमी होतं, पण ती गादी प्रत्येक ग्रिटला वेगळी हवी. तिसरी अडचण डिस्क बदलण्याची. प्रत्येक ग्रिटला यंत्र थांबवा, डिस्क काढा, तबक धुवा, हात धुवा, नवी डिस्क लावा. एका कॅबला पाच-सहा वेळा हे करावं लागतं, आणि तबकाच्या कोपऱ्यात ८० ग्रिटचा एक कण जरी राहिला तरी ३००० वर तो चरा ओढतो. महिन्याला तीन-चार कॅब करायचे असतील आणि जागा खरंच नसेल तर फ्लॅट लॅप चालेल. पंधरा-वीस करायचे असतील तर दोन महिन्यांत कंटाळा येईल. हाय-टेक डायमंडच्या ऑल-यू-नीडसारखी यंत्रं या प्रकारातली. ती वाईट नाहीत, हे काम वेगळं आहे.

आता आडव्या शाफ्टची यंत्रं. मध्ये किंवा मागे मोटर आणि शाफ्टवर डावीकडे तीन, उजवीकडे तीन चाकं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बारस्टोच्या डायमंड पॅसिफिकचं ६ इंची जिनी आणि ८ इंची टायटन, किंवा ६ आणि ८ इंचांत मिळणारं कॅबकिंग ही या मांडणीची माहितीतली नावं. डायमंड पॅसिफिकचंच ४ इंची पिक्सी छोट्या जागेसाठी आहे. मांडणी सगळीकडे साधारण सारखीच: पहिली दोन चाकं कडक धातूची, हिऱ्याचा थर विद्युत्-लेपाने बसवलेली, ८० आणि २२० ग्रिट. त्यानंतर मऊ चाकं: फोमच्या थरावर रेझिनमध्ये हिऱ्याची पूड, २८०, ६००, १२०० आणि शेवटी ३००० किंवा १४०००.

मऊ चाकांमुळेच ही मांडणी कॅबसाठी सरस ठरते. दगड दाबला की फोम किंचित दबतो आणि चाक घुमटाला चिकटून वळतं. कडक चाकाने पडलेले सपाट पट्टे २८० च्या मऊ चाकावर विरघळायला लागतात. हे बघायची खात्रीची पद्धत अशी: २८० नंतर दगड पूर्ण कोरडा पुसा, ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि घुमटावर दिसणारी उजेडाची रेघ हळूहळू फिरवा. गोलाई नीट असेल तर रेघ अखंड सरकते. जिथे सपाट डाग आहे तिथे ती अडखळते, मोडते किंवा अचानक रुंद होते. ती मोड २८० वरच काढायची. ६०० वर काढायला गेलात तर तिप्पट वेळ जाईल, १२०० वर ती निघणारच नाही आणि पॉलिश झाल्यावर सगळ्यांना दिसेल. ओल्या दगडावर चरे लपतात, म्हणून प्रत्येक चाकानंतर पुसून बघायची सवय लावा. घासण्याची दिशाही प्रत्येक चाकावर बदला. आधीच्या चाकाचे चरे आडवे पडले असतील तर आता उभे घासा, म्हणजे जुना चरा राहिला की लगेच ओळखू येतो.

चाकाचा आकार ६ इंच की ८ इंच? दोन्हीत खरा फरक पृष्ठवेगाचा आहे. आपल्या विजेवर, म्हणजे ५० हर्ट्झवर, चार पोलची साधी इंडक्शन मोटर १४४० आरपीएमच्या आसपास फिरते. त्या वेगाला ४ इंची चाकाचा पृष्ठवेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, ६ इंचीचा ११.५ मीटर आणि ८ इंचीचा १५.३ मीटर. अकीकासाठी ११ ते १५ मीटर छान. ८ इंची चाकाचं वळण सौम्य असल्यामुळे मोठ्या घुमटावर खाचा कमी पडतात आणि चाक जास्त दिवस टिकतं. पण चाकांचा संच बराच महाग पडतो, मोटर पाऊण ते एक अश्वशक्तीची लागते आणि यंत्र जड होतं. ४० मिमीपर्यंतचे कॅब करणाऱ्याला ६ इंच पुरे. ४ इंची यंत्रावर अंगठीचे खडे सुंदर होतात, पण ३० मिमीच्या वरचा पेंडंटचा दगड त्या छोट्या चाकावर फिरवणं कटकटीचं असतं.

अमेरिकेतून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लोक म्हणतात, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो. हर्ट्झ ५० चेच राहतात. इंडक्शन मोटर असेल तर तिचा वेग सहा भागांतला एक भाग कमी होतो, म्हणजे १७२५ चे १४३०-४० आरपीएम. ते एक वेळ चालेल. पण व्होल्ट आणि हर्ट्झ यांचं गुणोत्तर २० टक्क्यांनी वाढल्यामुळे मोटरचा गाभा संपृक्त व्हायला लागतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. अर्धा तास काम केल्यावर मोटरवर हात ठेववत नसेल तर कारण हेच. म्हणून मागवण्याआधी मोटरच्या पाटीचा फोटो मागा. पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर चिंता नाही. कंट्रोलरवर चालणारी डीसी मोटर असेल तरीही योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, फक्त कंट्रोलर ५० हर्ट्झला चालतो ना ते लेखी विचारा. फक्त ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर असेल तर ती बदलावीच लागेल, आणि तिथे दुसरी गाठ आहे: अमेरिकी ५६ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे मोटरचा ठरावीक आकार) मोटरचा शाफ्ट ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी, आपल्याकडच्या ७१ फ्रेमचा १४ मिमी आणि ८० फ्रेमचा १९ मिमी. बसवायची भोकंही जुळत नाहीत. मोटर बेल्टने जोडलेली असेल तर पुली बदलून आणि पट्टी मारून भागतं. चाकं थेट मोटरच्याच दोन्ही बाजूंना निघालेल्या शाफ्टवर असतील तर ते यंत्र जवळजवळ नव्याने बांधावं लागतं.

या सगळ्यात वाहतूक आणि कस्टम ड्यूटी मिळवली की मला तरी पूर्ण यंत्र बाहेरून आणण्यात अर्थ वाटत नाही. तिकडून आणण्यासारखी वस्तू म्हणजे मऊ रेझिन चाकं. डायमंड पॅसिफिकच्या नोव्हा चाकांचा दर्जा खरंच चांगला आहे आणि ती हलकी असल्यामुळे पार्सलचा खर्च आवाक्यात राहतो. धातूची ८० आणि २२० ची चाकं जयपूर, मुंबई, सुरतेच्या हिऱ्या-खड्यांच्या अवजारांच्या बाजारात मिळतात.

इथे यंत्र बनवून घ्यायचं तर लेथवाल्याला काय सांगायचं ते नीट सांगतो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. शाफ्ट २० मिमीचा, स्टेनलेस ३०४ चा. साधं माइल्ड स्टील गंजतं आणि सहा महिन्यांत चाक शाफ्टवरून निघेनासं होतं. आधाराला यूसीपी २०४ ची दोन पिलो ब्लॉक बेअरिंग, चाकांच्या जितकी जवळ येतील तितकी, आणि बेअरिंगच्या चाकाकडच्या बाजूला रबराची फेक रिंग, म्हणजे शाफ्टवरून सरकत आलेलं पाणी आत शिरण्याआधी बाहेर फेकलं जातं. अकीकाचा गाळ बेअरिंगमध्ये गेला की ती कितीही चांगल्या कंपनीची असो, खरखर सुरू होते. शाफ्टच्या एका टोकाला नेहमीचे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे पाडून घ्या. चाकं समोरून तुमच्याकडे खाली फिरत असतील तर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या टोकाला उलटे आटे हवेत. दोन्हीकडे सारखेच आटे असतील तर एका बाजूचा नट फिरताफिरता सैल होतो आणि चाक सुटतं. हा मुद्दा लेथवाल्याच्या आठवणीवर सोडू नका, चित्र काढून द्या.

बऱ्याच चाकांचं भोक १ इंचाचं असतं, म्हणून २० मिमी शाफ्टवर बुश, म्हणजे मधली फट भरणारी नळी, लागतं. बुश नायलॉनचं किंवा पितळेचं, घट्ट सरकणारं हवं. ढिलं असेल तर चाक आउट, म्हणजे मध्यापासून सरकून हेलकावत, फिरतं. शाफ्ट बसल्यावर डायल गेज (हा हेलकावा मोजायचं मापक) लावून बघा. चाकाच्या जागी ०.०५ मिमीपेक्षा जास्त आउट नको. धातूच्या चाकावर ०.२ मिमीचा आउटही हाताला ठोक्यासारखा जाणवतो, आणि त्या ठोक्याने दगडाच्या कडेचे टवके उडतात. दोन चाकांच्या मध्ये किमान २० ते २५ मिमी जागा सोडा. चाकं चिकटून बसवली की मोठा दगड फिरवताना बोट किंवा कड शेजारच्या चाकाला लागते.

मोटर अर्धी अश्वशक्ती, पूर्ण बंद, बाहेरून पंख्याची, १४४० आरपीएम. पाण्यापासून दूर, शक्यतो मागे आणि वरच्या पातळीवर. चाकांच्या खाली कधीच नाही. ए सेक्शनचा व्ही-बेल्ट. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर १४४०. मोटरवर १०० मिमी आणि शाफ्टवर ८० मिमी घेतली तर १८०० आरपीएम. दोन खाचांची स्टेप पुली घेतली तर मूनस्टोनसाठी वेग १००० च्या आसपास उतरवताही येतो. थोडा जास्त खर्च चालत असेल तर थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) लावा. वेग नॉबने बदलता येतो, सुरुवात हळू होते, आणि हा खर्च मला सहाव्या चाकाच्या खर्चापेक्षा उपयोगी वाटतो. अर्थिंग पक्कं असू द्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. ओले हात, ओली फरशी आणि वीज एकाच बाल्कनीत आहेत.

पाणी हा दुसरा मोठा विषय, आणि यंत्रांच्या जाहिरातींत त्यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं. हिरा घासताना झिजतो थोडा, पण तापला की रेझिन जळतं आणि चाक गुळगुळीत होऊन कापेनासं होतं. दगडही तापतो, तो धरायच्या काडीला ज्या लाखेने चिकटवलेला असतो ती मऊ पडते आणि दगड काडीवरून सुटून तबकात उडतो. पुरेसं पाणी म्हणजे चाकाच्या पूर्ण रुंदीवर सतत ओली झळाळी दिसणं, आणि दगडाच्या मागून पांढरट दुधाळ पाणी गळत राहणं. पीठासारखी कोरडी पांढरी रेघ दिसली की पाणी कमी आहे.

छोट्या पंपाने तेच पाणी फिरवणारी यंत्रं सोयीची असतात, पण एकच बादली सगळ्या चाकांना पाणी देत असेल तर ८० च्या चाकाचे कण ३००० च्या चाकावर जातात. मग माणूस पॉलिशच्या चुका शोधत बसतो. उपाय सोपा: कडक दोन चाकांना फिरतं पाणी द्या, मऊ चाकांना वरच्या डब्यातून ताज्या पाण्याचे थेंब. सलाइनच्या नळीसारखा चिमटा असलेली नळी प्रत्येक चाकावर लावली तरी चालते. बोअरचं जड पाणी मऊ चाकांवर क्षाराचा थर धरतं, म्हणून त्या डब्यात आरओचं किंवा पावसाचं पाणी घाला.

गाळ मोरीत सोडू नका. अकीकाची बारीक पूड पाईपच्या वळणात सिमेंटसारखी बसते आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. बादली रात्रभर स्थिर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी कुंड्यांना चालतं, तळाचा चिखल ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

चिखल ओला असतानाच, हे मुद्दाम लिहिलं आहे. अकीक, जास्पर, स्फटिक म्हणजे सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार किती पसरला हे वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेलं आहे. तिथे पिढ्यानुपिढ्या कोरडं घासकाम घराच्या ओट्यावर चालायचं आणि धूळ कारागिराबरोबर घरातल्या बायकामुलांच्याही श्वासात जायची. ओल्या कामात धोका खूप कमी होतो, संपत नाही, कारण चाकावरून उडणारे तुषार वाळतात आणि त्यातले कण हवेत राहतात. म्हणून चाकांवर पुढे ओठ असलेलं झाकण हवं, तोंडाला एन-९५ किंवा पी-१०० फिल्टरचा मास्क हवा, आणि काम संपल्यावर जागा ओल्या फडक्याने पुसायची, झाडूने झाडायची नाही. एप्रन रोज भिजवा. बंद खोलीपेक्षा बाल्कनी बरी, पण वाळत घातलेले कपडे तिथून काढा. मॅलाकाइट घासणार असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. त्यात तांबं असतं.

करवतीबद्दल थोडक्यात. कॅबच्या यंत्राला ५ ते ७ मिमी जाडीचा स्लॅब लागतो आणि तो आधी कापावा लागतो. एकाच शाफ्टवर करवत आणि चाकं असलेली जोडयंत्रं मिळतात; मी ती सुचवत नाही. पात्याचा चिखल चाकांवर येतो आणि पात्याला हवा तो वेग चाकांना चालत नाही. सुरुवातीला १८० मिमी पात्याचा टेबलावरचा टाइल कटर घ्या, सलग कडेचं पातं लावा. तो दगडातले दोनेक मिमी खातो, आवाज करतो, पण छोटे अकीक कापतो. चांगला दगड हाती आला आणि वाया जाणारा एक-दीड मिमी जिवावर यायला लागला की ०.६ ते ०.८ मिमी जाडीच्या पात्याची १५० मिमीची ट्रिम सॉ (दगडाची छोटी करवत) घ्या. हाताने दगड वाकडा ढकलला की पातळ पातं बशीसारखं वाकतं आणि परत सरळ होत नाही, म्हणून सरळ रेषेत, पात्याच्या गतीने.

जुन्या पद्धतीची कार्बोरंडमची (सिलिकॉन कार्बाइडची) चाकं आणि रबरी ड्रमवर चढवायचे पट्टे स्वस्त पडतात, त्यांचा विचार करावा का? अकीकासाठी चालतात आणि अनेक उत्तम कारागीर आजही त्यावरच काम करतात. पण कार्बोरंडम चाक दगडाच्या अणकुचीदार कडेने खड्डे धरतं, मग ते ड्रेसरने (चाक घासून सपाट करायचं अवजार) सारखं सरळ करावं लागतं. काम संपल्यावर ते पाण्यात अर्धं बुडलेलं ठेवलं तर खालची बाजू पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताच भयंकर हादरे बसतात. चाक फुटूही शकतं. चाकावर छापलेल्या कमाल आरपीएमच्या वर ते कधीच चालवू नका. रबरी ड्रमला पट्टा धरायला ठरावीक वेग लागतो, फार हळू फिरवला तर रबर फुलत नाही आणि पट्टा निसटतो; पट्ट्यावरच्या बाणाची दिशाही पाळावी लागते. माणिक-नीलमच्या तारांकित खड्यांसाठी, म्हणजे मोह्स मापावर कडकपणा ९, ही सामग्री विसराच. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिराच हवा. कर्नाटकातला स्टार रूबी करायचा विचार असेल तर ते आत्ताच ठरवा.

तुमच्या दगडांकडे बघून काही गोष्टी. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणारा अकीक आणि जास्पर कडकपणा साडेसहा-सातचा, चिवट, शिकायला उत्तम. याच पोकळ्यांतला स्कोलेसाइटही कॅबसाठी कापतात, पण तो पाच-साडेपाचचा आणि तंतुमय आहे. ८० च्या चाकावर त्याची कड सळ्यांसारखी सुटते, म्हणून २२० पासून, हलक्या हाताने. स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट कापायच्या भानगडीत पडू नका. मऊ आहेत, थरांत फुटतात, आणि चांगला स्फटिक नमुना म्हणूनच जास्त मोलाचा असतो. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या, कोणता दगड हातोडी-करवतीपासून दूर ठेवायचा ते तिथे डोळ्यांना कळतं. मूनस्टोन आणि लॅब्रडोराइटला दोन दिशांना चीर जायची सवय असते. त्यांना नवं ८० चं चाक दाखवायचं नाही, वेग १००० च्या आसपास, आणि कापण्याआधी झळाळी कोणत्या कोनात दिसते ते बघून तळ ठरवायचा.

पॉलिशसाठी अकीकाला १२०० किंवा ३००० च्या चाकानंतर चामड्यावर सिरियम ऑक्साइड (पॉलिशची बारीक पूड) पुरतं. पातळ ताकासारखं कालवून लावायचं, आणि चामडं जवळजवळ सुकत आलं की दगड ओढल्यासारखा जाणवतो. खरी जिलई तेव्हाच चढते. त्या क्षणी उष्णता वाढते, म्हणून ओपलला ही रीत नको, तो तडकतो. मूनस्टोनला १४००० चं रेझिन चाक किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड. सिरियमचं चामडं शाफ्टच्या टोकाच्या वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवत जा.

चार चाकांवर सुरुवात करायची तर धातूची ८० आणि २२०, रेझिनची २८० आणि ६०० घ्या. १२०० आणि सिरियम टोकाच्या डिस्कवर. २२० वगळून ८० वरून थेट २८० वर जायचा मोह होतो. तसं केलं तर मऊ चाकाला कडक चाकाचं काम करावं लागतं आणि सगळ्यात महागडं चाक सगळ्यात आधी संपतं. ३८ मिमी आणि ५० मिमी रुंदीची चाकं मिळत असतील तर २८० चं चाक तरी रुंद घ्या, सगळ्यात जास्त वेळ तुम्ही त्यावरच बसणार आहात.

पैसे देण्याआधी यंत्र चाकांशिवाय पाच मिनिटं चालवा. झाकणावर पाच रुपयांचं नाणं उभं ठेवा. ते पडलं तर कंप जास्त आहे. मग चाकं लावून पाणी सुरू करा आणि शेवटच्या चाकापर्यंत ते पोचतं का, तबकाच्या सांध्यातून गळतं का ते बघा. अर्ध्या तासाने मोटर आणि बेअरिंगला हात लावा. बेअरिंग कोमट चालेल, चटका नको. एक अकीकाचा तुकडा बरोबर न्या आणि २२० च्या चाकावर स्वतः दाबून बघा: चांगल्या दाबाला वेग पडत असेल तर मोटर कमी आहे किंवा बेल्ट सरकतोय.

नवी चाकं आली की त्यांवर लगेच चांगला दगड धरू नका. नवं रेझिन चाक त्याच्या आकड्यापेक्षा खरखरीत कापतं, कारण काही हिऱ्याचे कण वर आलेले असतात. टाकाऊ अकीकाचा गोल केलेला, कडा मारलेला तुकडा भरपूर पाण्यात, हलक्या दाबाने, चाकाच्या पूर्ण रुंदीवर पंधरा-वीस मिनिटं इकडून तिकडे फिरवा. पुसून बघत जा. चरे एकसारखे बारीक दिसायला लागले की चाक तयार. धातूच्या चाकावर कापलेल्या स्लॅबची धारदार कड सरळ घुसवू नका, आधी ती कोनात धरून बोथट करा, नाहीतर हिऱ्याचा थर एका रेषेत सोलला जातो. नेहमी मधल्याच पट्ट्यावर घासलं की चाकाला मध्ये खळगा पडतो, म्हणून कडांचाही वापर करा. ८० चं धातूचं चाक जुनं झालं की ते शंभर-सव्वाशे ग्रिटसारखं वागतं. ते टाकू नका. मूनस्टोन आणि लॅब्रडोराइटला आकार द्यायला तेच चाक कामाला येतं.